तारीख कोणत्या सनाची? : हिजरी दिनमान, जुनी दफ्तरे आणि संगणक

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग इतिहासकारांनी नोंदविला आहे. त्यांच्यापुढे कर्जाचा एक दस्त आला. त्यावर फेडीची मुदत म्हणून केवळ ‘शाबान’ एवढेच लिहिलेले होते. हजरत उमर (रजि.) यांनी विचारले की, हा शाबान कोणता? सरलेला, चालू असलेला की येणारा? दस्तात उत्तर नव्हते. तिकडे बसऱ्याहून हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांचीही तक्रार होती की, खलिफांची पत्रे येतात, पण त्यांतील आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे समजत नाही. मग सहाबांचा सल्ला घेण्यात आला. कोणी रोमनांचा सन सुचविला, कोणी इराण्यांचा. शेवटी हिजरतीचे वर्ष आरंभ म्हणून ठरले आणि मोहरम हा पहिला महिना मानला गेला. हे हिजरी १७ च्या सुमारास घडले.

म्हणजे हिजरी सनाची स्थापना एका अपुऱ्या नोंदीमुळे झाली. कर्ज ठराविक मुदतीचे असेल तर ते लिहून ठेवावे, अशी आज्ञा कुरआनने सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत दिली आहे. मुदत लिहिली, पण ती कोणत्या वर्षाची हे लिहिले नाही, तर त्या लिहिण्याचा हेतूच फसतो.

वाचकहो, आज हा दस्त कागदावर नसतो, संगणकात असतो. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकाचे शिक्षण घेत असेल, मशिदीच्या किंवा बैतुलमालच्या हिशेबाचा प्रोग्रॅम तयार करीत असेल, तर त्याला पहिली अडचण येते ती तारखेचीच. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या संगणकांना जी धास्ती पडली होती, ती हजरत उमर (रजि.) यांच्यापुढील दस्ताचीच नवी आवृत्ती होती. जागा वाचविण्यासाठी वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक लिहिण्याची पद्धत पडली होती. ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नव्हता.

दफ्तरातील ‘सुमारे बारा वर्षे’

ही अडचण समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच तिचे उत्तम उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना पानिपतच्या काळातील पत्रांचा मोठा संग्रह सातारा जिल्ह्यातील वाई येथे मिळाला आणि १८९८ साली तो त्यांच्या साधनखंडांपैकी पहिला खंड म्हणून प्रसिद्ध झाला. सांगली जिल्ह्यातील मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातील कागद वर्षानुवर्षे वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. या कागदांवरील तारखा पाहिल्या की प्रथम आश्चर्य वाटते. पत्र मराठी, लिपी मोडी, लिहिणारा बहुधा ब्राह्मण कारकून. पण महिने आहेत रबिलाखर, जमादिलावल, साबान, सवाल, आणि वर्ष अरबी शब्दांत लिहिलेले, उदाहरणार्थ ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११६१. आरंभीचे ‘सु॥’ हे शुहूर सनाचे चिन्ह होय आणि तारखेमागे लिहिलेला ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे चांद्र तारखेचा संक्षेप होय.

आता एखाद्या विद्यार्थ्याने ही तारीख संगणकात भरली असे समजू. महिना सवाल, तारीख २५, वर्ष ११६१. महिना हिजरी आहे म्हणजे वर्षही हिजरीच असणार, असे त्याने गृहीत धरले. प्रोग्रॅम कोणतीही शंका न घेता उत्तर देईल : ऑक्टोबर १७४८. त्या वेळी साताऱ्यात शाहू छत्रपती हयात होते. त्यांचे निधन डिसेंबर १७४९ मध्ये झाले. पानिपतच्या मोहिमेतील पत्र अशा रीतीने सुमारे बारा वर्षे आधीच्या काळात जाऊन पडते. यंत्राने गणित चुकविलेले नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला.

शुहूर सन हा हिजरी सनापासूनच निघाला, पण तो हिजरी सन नव्हे. हिजरी ७४५, म्हणजे इसवी १३४४, या वर्षापासून त्याची गणना वेगळी झाली, असे मानले जाते. हा मुहम्मद बिन तुघलकाचा काळ होय. जमाबंदी पिकांवर अवलंबून असते आणि पीक सूर्याच्या ऋतूंवर. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे केवळ चांद्र वर्षाने सारा वसूल करू लागले, तर काही वर्षांतच पीक उभे असताना, किंवा पेरणीच झालेली नसताना, साऱ्याची तारीख येऊन ठेपते. म्हणून आकडा तोच ठेवून पुढील वर्षे सूर्याने मोजण्यास आरंभ झाला. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, त्या दिवशी, जूनच्या आरंभी, हे वर्ष बदलत असे. म्हणून त्याला मृगसाल असेही नाव पडले. आमच्या शेतकऱ्याला मृगाचा अर्थ सांगावा लागत नाही. निजामशाही आणि आदिलशाही दफ्तरांतून हा सन मराठ्यांच्या दफ्तरात आला आणि पेशवाईच्या अखेरपर्यंत टिकला.

१३४४ साली दोन्ही सनांचा आकडा एकच होता, ७४५. चारशे सतरा वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली, तेव्हा शुहूर सन ११६१ होता आणि हिजरी सन ११७४. तेरा वर्षांचे अंतर पडले होते. शंभर सौर वर्षांत चांद्र वर्षे साधारण तीनने अधिक होतात, हा हिशेब येथे डोळ्यांनी दिसतो. सूरह अल-कहफमध्ये गुहेतील तरुणांच्या वास्तव्याची तीनशे वर्षे आणि त्यावर नऊ असा जो उल्लेख आहे, त्याचा अर्थ सांगताना अनेक भाष्यकारांनी हाच मेळ दाखविला आहे. तीनशे सौर वर्षे म्हणजे तीनशे नऊ चांद्र वर्षे.

शुहूर सनाचा इसवी सन काढण्याची रीत सोपी आहे. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवावे, जानेवारी ते मे असेल तर ६००. विद्यार्थी हे सूत्र प्रोग्रॅममध्ये लिहितो आणि काम झाले असे समजतो. खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. या कागदांत तारीख आणि महिना चंद्राचा, पण वर्ष सूर्याचे. वर्ष ३६५ दिवसांचे, आणि त्यात बसवायचे महिने मात्र ३५४ दिवसांत संपणारे. म्हणजे प्रत्येक शुहूर वर्षात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. वर उल्लेखिलेल्या ११६१ या वर्षात सवालचा अखेरचा आठवडा दोनदा आला. २५ सवाल एकदा पडला तो सुमारे १० जून १७६० ला आणि पुन्हा सुमारे ३० मे १७६१ ला. पहिल्या वेळी सदाशिवराव भाऊंची फौज उत्तरेकडे चालली होती. दुसऱ्या वेळी पानिपत होऊन साडेचार महिने झाले होते आणि नानासाहेब पेशव्यांच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे उरले होते. एकच तारीख, एकच वर्ष, आणि दोन दिवसांच्या मध्ये सारे पानिपत.

अशा ठिकाणी प्रोग्रॅमने काय करावे? मनाने एक दिवस निवडून देऊ नये, हे पहिले. त्याने दोन्ही दिवस दाखवावेत आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोडावा. पत्रात वार दिला असेल, तर बहुधा प्रश्न तेथेच सुटतो, कारण आठवड्याचा वार कोणत्याही सनावर अवलंबून नाही. कारकून वार लिहीत, ही त्यांची आपल्यावर मोठी मेहेरबानी आहे.

वाराचे हे महत्त्व आणखी एका प्रसिद्ध तारखेत दिसते. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला, शनिवारी झाला, असे इतिहासाच्या पुस्तकांत असते. संगणकाला त्या दिवसाचा वार विचारा, तो बुधवार सांगेल. इंग्रज त्या काळी जुने ज्युलियन कॅलेंडर वापरीत, ते त्यांनी १७५२ साली सोडले. संगणक मात्र सहसा आजचेच ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ओढत नेतो. दोहोंत त्या शतकात दहा दिवसांचा फरक होता. आजच्या मोजणीने तो दिवस १६ जून होय आणि १६ जून १६७४ ला शनिवारच येतो. हिशेबासाठी सर्वत्र वापरले जाणारे एक्सेल तर १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून स्वीकारतच नाही. शिवाय त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवसही नोंदलेला आहे.

जकातीचे वर्ष

हे सारे इतिहासाच्या अभ्यासकांचे प्रश्न झाले, असे वाचकाला वाटेल. परंतु मृगसालाची हीच गोष्ट आपल्या दुकानाच्या वहीत आजही घडते आहे.

सांगलीच्या हळदपेठेतील एखाद्या व्यापाऱ्याचा विचार करा. त्याचे हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. सरकारी कर, बँक, वखार सारे त्याच वर्षाने चालते. म्हणून तो जकातही ३१ मार्चच्या ताळेबंदावर अडीच टक्क्यांनी काढतो. त्याचा हेतू स्वच्छ आहे, हिशेबही चोख आहे. पण जकातीचे वर्ष चांद्र वर्ष आहे. संपत्ती निसाबास पोहोचल्याच्या हिजरी तारखेपासून बारा चांद्र महिने पूर्ण झाले की जकात वाजिब होते. ३१ मार्चची वाट पाहणारा मनुष्य दर वर्षी अकरा दिवस उशीर करतो, आणि हे अकरा दिवस साचत जातात. ३३ सौर वर्षांत चांद्र वर्षे ३४ होतात. म्हणजे तेहतीस वर्षे नियमाने जकात देणाऱ्या या गृहस्थाकडून एका पूर्ण वर्षाची जकात राहून गेलेली असते. ती गरिबांच्या हक्काची रक्कम होती.

दहा लाख रुपयांवर चांद्र वर्षाची जकात २५,००० रुपये होते. हिशेब सौर वर्षानेच ठेवणे भाग असेल, तर तेवढ्याच रकमेवर सुमारे २५,७७० रुपये काढावे लागतात. आधुनिक इस्लामी वित्तसंस्थांच्या हिशेबात सौर वर्षासाठी अडीचऐवजी २.५७७ टक्के हा दर येतो, तो यामुळेच. तथापि आमच्या मते व्यापाऱ्यासाठी अधिक चांगला मार्ग म्हणजे जकातीची हिजरी तारीखच प्रोग्रॅममध्ये ठेवणे होय. व्यापारी मालाची किंमत त्या दिवसाच्या भावाने धरायची असते आणि हळदीचा भाव दोन आठवड्यांत कोठून कोठे जातो, हे पेठेत बसणाऱ्याला सांगायला नको. दर वाढवून वर्षाची भरपाई होते, दिवसाची होत नाही.

शेतमालाचा उश्र यापासून वेगळा ठेवावा. तासगावची द्राक्षे असोत की कृष्णाकाठचे दुसरे कोणते पीक, उश्रासाठी वर्ष पूर्ण होण्याची अट नाही. त्याचा हक्क काढणीच्या दिवशी लागू होतो. म्हणून ज्या प्रोग्रॅममध्ये जकात आणि उश्र दोन्ही असतील, त्यात उश्रासाठी ‘वर्षपूर्तीची तारीख’ हा रकानाच नसावा. जमिनीचे उत्पन्न सूर्याच्या ऋतूने आणि साठविलेली संपत्ती चंद्राच्या वर्षाने, अशी ही विभागणी आहे. मृगसाल काढणाऱ्यांनी साऱ्यासाठी सूर्य धरला, तरी रोजे, हज आणि जकातीचे महिने चंद्राचेच राहिले. सूरह अत-तौबाने महिने पुढे-मागे सरकविण्याच्या प्रथेचा निषेध केला आहे, तो इबादतीच्या महिन्यांच्या संदर्भात. कारभारासाठी दुसरे दिनमान वापरण्यास त्यामुळे प्रतिबंध होत नाही.

गणिताचा चंद्र आणि डोळ्यांचा चंद्र

संगणक दिवस मोजतो तो एका ठरविलेल्या क्षणापासून. बहुतेक यंत्रणांनी हा क्षण १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र, असा धरला आहे. त्यापासून किती सेकंद झाले एवढा एकच आकडा आत असतो. ती मोजणी हिजरी, इसवी किंवा शक कोणतीच नसते. पडद्यावर दिसणारी तारीख हे त्या आकड्याचे भाषांतर असते. प्रश्न उभा राहतो तो भाषांतर करणारा कोणती रीत वापरतो हा.

हिजरी तारखेसाठी अशा रीती निदान दोन आहेत. एक जुन्या ज्योतिर्विदांची कोष्टकाची रीत : ३० वर्षांचे चक्र, त्यात १९ वर्षे ३५४ दिवसांची आणि ११ वर्षे ३५५ दिवसांची, एकूण १०,६३१ दिवस. ती सुबक आहे, पण आकाशाकडे पाहत नाही. दुसरी सौदी अरेबियाची उम्मुल कुरा ही रीत. तीत मक्केच्या क्षितिजावरील चंद्राचे गणित केलेले असते, पण तेही गणितच, दर्शन नव्हे. जावा या प्रसिद्ध भाषेतील हिजरी तारीख उम्मुल कुरावर चालते. डॉट नेटमध्ये दोन्ही रीती आहेत आणि कोष्टकाच्या रीतीत दोन दिवसांपर्यंत मागे-पुढे करण्याची सोयही ठेवलेली आहे. ती सोय ठेवणाऱ्याला गणिताची मर्यादा माहीत असली पाहिजे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बोटांनी दाखवून सांगितले आहे की, महिना कधी २९ दिवसांचा असतो, कधी ३० चा. चंद्र पाहून रोजे सुरू करावेत, आणि ढग असल्यास तीस पूर्ण करावेत. २०१४ आणि २०१५ साली रमजान जून-जुलैत आला होता. त्या दिवसांत साताऱ्याच्या घाटमाथ्यावर आभाळ कसे असते, हे आपण जाणता. महाबळेश्वराच्या बाजूला पश्चिमेचे क्षितिज आठवडा-आठवडा दिसत नाही. अशा वेळी महिना २९ चा की ३० चा, हे त्या संध्याकाळी साक्षीने ठरते. ते आधीच जाणणारा प्रोग्रॅम कोणी लिहू शकत नाही. आपल्या मोबाइलवर मात्र पुढील दहा वर्षांच्या ईदा निश्चित असल्यासारख्या दिसतात, आणि मोबाइल उम्मुल कुरावर लावलेला असेल, तर पुष्कळदा आपल्यापेक्षा एक दिवस पुढे असतो.

यावर उपाय कठीण नाही. पुढील हिजरी तारखांना प्रोग्रॅमने ‘अंदाजे’ म्हणावे. चंद्रदर्शनाचा निर्णय जाहीर झाला की महिन्याचा पहिला दिवस हाताने नोंदवावा, आणि त्या महिन्यापुरती तारीख ‘निश्चित’ करावी. अशा नोंदींचे आपल्या गावाचे कोष्टक पाच-दहा वर्षे जपले, तर मागील कोणत्याही जकातीची किंवा कर्जाची तारीख खात्रीने काढता येईल. पूर्वी हेच काम छापील जंत्री करीत असत.

दिवस केव्हा बदलतो, हा मुद्दाही तेवढाच नाजूक आहे. हिजरी दिवस मगरिबला बदलतो, संगणकाचा मध्यरात्री. गुरुवारी रात्री आठ वाजता कोणाचा इंतिकाल झाला, तर हिजरी तारीख शुक्रवारची असते आणि यंत्र गुरुवारची लिहिते. त्यात ग्रीनिचची भर पडते. भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून येथे मध्यरात्र धरून भरलेली १० तारीख ग्रीनिचच्या हिशेबात ९ तारखेची संध्याकाळ, साडेसहाची वेळ ठरते. निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम मग जन्मतारीख, निकाहाची तारीख एक दिवसाने मागे दाखवू लागतो. ज्या नोंदीत केवळ दिवस महत्त्वाचा आहे, तेथे घड्याळाची वेळ जोडूच नये. दिवस हा दिवस म्हणूनच साठवावा.

विधवेच्या इद्दतीचा विचार केला की या एका दिवसाचे मोल कळते. चार महिने दहा दिवस ही मुदत कुरआनने ठरविली आहे आणि ते महिने चंद्राचे आहेत. प्रोग्रॅममध्ये इसवी सनाचे चार महिने मिळविले, तर मुदत काही दिवसांनी लांबते आणि एका दुःखी स्त्रीवर अकारण बंधन राहते. महिना चंद्राच्या पहिल्या तारखेपासून मोजायचा झाला, तर चंद्रदर्शनाने मोजतात. इंतिकाल महिन्याच्या मध्ये झाला असेल, तर हनफी मतानुसार १३० दिवस पूर्ण करतात. येथे यंत्राने दिलेली तारीख घरातील वडीलधाऱ्यांनी आलिमांना दाखवूनच स्वीकारावी.

राहिला प्रश्न नोंद कशी करावी याचा. समजा, कर्जाच्या फेडीची मुदत लिहायची आहे. केवळ ‘१० शव्वाल’ लिहू नये, वर्षही लिहावे. वर्षापुढे हिजरी की इसवी हे लिहावे. शेजारी वार लिहावा आणि दुसऱ्या सनाची तारीखही द्यावी. दोहोंत मेळ बसला नाही, तर वाद झाल्यास कोणती ग्राह्य धरायची, हेही दस्तातच ठरवावे, कारण एका बाजूचा भाऊ साताऱ्यात आणि दुसरा दुबईत असेल, तर दोघांच्या १० शव्वालमध्ये दिवसाचा फरक पडणे अगदी संभवनीय आहे. आणि मुदत किंवा जकातीचा दिवस कधीही ३० तारखेवर ठेवू नये. यंदाचा रजब तीसचा असेल, पुढील वर्षी तो एकोणतीसवर संपला, तर संगणक काही वेळा चूक म्हणून थांबतो, काही वेळा न विचारता १ शाबान लिहून मोकळा होतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अशा वेळी २९ धरायचे की पुढची १, हे आधीच विचारून घ्यावे. विचारायचे राहिलेच असेल, तर त्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि हिशेब पुढे नेऊ नये.